सोलो जॅझ गिटारवर बॅलड बसवायचंय, पण पाच जणांनी मिळून. कसं करावं? (कोल्हापूर)

कळंबाकर:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

आम्ही कोल्हापुरातले पाच जण, सगळे गिटारवालेच. एकाचं राजारामपुरीत स्टेशनरीचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी जमतो. आजवर काय चालायचं तर एकानं गाणं म्हणायचं आणि बाकीच्या चौघांनी तेच चार कॉर्ड त्याच ठेक्यात बडवायचे, म्हणजे गिटारी पाच पण वाजतंय एकच, नुसतं मोठ्यानं. कंटाळा आलाय त्याचा. मध्ये दुकानवाल्यानं जो पास या जॅझ गिटारवाल्याची 'व्हर्चुओसो' ही रेकॉर्ड लावली, १९७३ ची. एक माणूस, एक गिटार, बास. त्यातच गाण्याची चाल, त्यातच खाली बेस, मधल्या मध्ये कॉर्ड पण पडतायत. आमच्यातल्या इंजिनियरिंगच्या पोरानं तर दुसरी गिटार कोण वाजवतंय म्हणून विचारलं. तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात बसलंय की हे शिकायचं, आणि ते फास्ट सुरसुर पळणारं नको, संथ गाणी, ज्याला बॅलड म्हणतात ती.

आता भांडण असं आहे की पोरगा म्हणतोय नेटवरनं तयार टॅब (कुठल्या तारेवर कुठं बोट ते आकड्यांत लिहिलेलं असतं ते) उतरवू, पाचही जण तेच पाठ करू, म्हणजे एकमेकांचं चुकलेलं कळंल. दुकानवाला म्हणतोय मग आत्ता तरी वेगळं काय करतोय, तेच चार कॉर्ड सोडून तेच चाळीस कॉर्ड, ज्यानं त्यानं आपापलं बसवावं. माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे की सोलो म्हणजे एकट्यानं वाजवायची गोष्ट, ती शिकायला पाच जणांनी एका खोलीत बसून करायचं काय? चौघांनी चहा पीत एकाचं ऐकत बसायचं?

नोटेशन कुणालाच वाचता येत नाही, टॅब येतं. मेजर मायनर सेव्हन्थ वगैरे कॉर्ड येतात, बॅरे येतात. तीन अकूस्टिक, एक नायलॉन तारांची क्लासिकल, एक इलेक्ट्रिक (साधी). क्लासला जाऊन बघितलं पण तिथं एक तर परीक्षेचं नाहीतर सिनेमाची गाणी. कुणी असं ग्रुपनं केलंय का, आणि पहिलं गाणं कुठलं घ्यावं?

———

मंगळवारपेठी:

पाच जण मिळून सोलो 😂 नाद करायचा नाय. ज्या रविवारी पाचही जण एकदम सोलो वाजवणार त्याच्या आदल्या दिवशी कळवा, मी गगनबावड्याला जाऊन बसतो. थट्टा सोडा, पण वेळ दहाच्या पुढची ठेवा राव, मिसळ खाऊन लगेच बसला तर त्या स्लो गाण्यात झोप लागंल.

———

सातवा_फ्रेट:

मी पुण्यात असताना असा एक ग्रुप चालवलाय, आता ताराबाई पार्कात असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या दुकानवाल्याचं बरोबर आहे. टॅब तुम्हाला बोट कुठं ठेवायचं ते सांगतं, तिथंच का ठेवायचं ते सांगत नाही, आणि या प्रकारात सगळं शिक्षण त्या 'का' मध्येच आहे. पाठ केलेलं अरेंजमेंट मध्ये एका ठिकाणी विसरलं की माणूस तिथंच बसतो, कारण त्याला पुढचा कॉर्ड माहीत नसतो, पुढचं बोट माहीत असतं. म्हणून गाणं एक, पण अरेंजमेंट पाच. आणि अख्खं गाणं नको, पहिले आठ बार (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा). तेवढेच.

गाणं 'मिस्टी' घ्या. एरॉल गार्नर नावाच्या पियानोवाल्याची १९५४ ची चाल आहे. बांधणी ए ए बी ए, बत्तीस बार, म्हणजे पहिले आठ बार नीट जमले की शेवटचे किरकोळ फरक सोडता चोवीस बार हातात आलेच, मधले आठ तेवढे वेगळे. मूळ स्केल ई फ्लॅट आहे, पियानोवाल्याला आणि हॉर्नवाल्यांना ते सोयीचं, आपल्याला नाही. तुम्ही जी मध्ये आणा. का, तर त्या गाण्यात ए मायनर, डी सेव्हन, ई मायनर असले कॉर्ड लागतात आणि ए, डी, ई या तिन्ही बेस तारा मोकळ्या मिळतात, डावा हात वर चालीच्या मागं पळायला रिकामा राहतो. दुसरं म्हणजे चाल वरच्या दोन तारांवर बसते, आणि चाल सगळ्यात वर ऐकू आलीच पाहिजे, ती कॉर्डच्या पोटात गेली की संपलं.

आता सुरुवातच बघा. पहिले दोन सूर एकटे, खाली काही नको: पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेवर दहावा फ्रेट (मानेवरचं घर), मग सातवा. मग चाल खाली उतरून दुसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर थांबते, तिथं पहिला कॉर्ड, जी मेजर सेव्हन. तो कुठं आहे तर पाचव्या तारेवर दहावा फ्रेट करंगळीनं, चौथ्या तारेवर नववा तिसऱ्या बोटानं, आणि तिसरी दुसरी तार सातव्या फ्रेटवर पहिल्या बोटानं आडवी दाबून. ओळखलं का, आपण शिकताना पहिल्या महिन्यात जो सी धरतो त्याचीच पहिली तार सोडली आणि दुसरी तार मोकळी केली की सी मेजर सेव्हन होतो, तोच सात फ्रेट वर सरकवलाय. आणि त्याच्या डोक्यावर बसलेला सूर कॉर्डचा मूळ सूर नाहीच, सातवा सूर आहे, मेजर सेव्हन्थ. गाणं पहिल्याच ठिकाणी जरा अधांतरी वाटतं ते त्यामुळं. हे टॅब बघून कळलं नसतं, पाच जणांनी तो एक कॉर्ड दहा मिनिटं वेगवेगळ्या जागी धरून बघितला की कळतं.

आता तुमचा खरा प्रश्न, खोलीत बसून करायचं काय. सोलो अरेंजमेंट म्हणजे तीन माणसांचं काम एकानं करणं. मग आधी ते तिघांत वाटून टाका. एकानं फक्त चाल, एकेक सूर, दुसरं काही नाही. दुसऱ्यानं फक्त बेस, प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर, एका कॉर्डला एकदाच. तिसऱ्यानं फक्त कॉर्डचे तिसरा आणि सातवा हे दोन सूर, बाकी काही वाजवायचं नाही. हा तिसरा माणूस म्हणजे सगळी गंमत आहे. दुसऱ्या बारमध्ये डी मायनर सेव्हन आणि जी सेव्हन येतात, मग तिसऱ्यात सी मेजर सेव्हन. त्यानं चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट आणि तिसऱ्या तारेवर पाचवा धरायचा, हे झाले डी मायनरचे एफ आणि सी. जी सेव्हन आला की खालचं बोट हलवायचंच नाही, वरचं पाचव्यावरनं चौथ्यावर, बी. सी मेजर आला की आता वरचं हलवायचं नाही, खालचं तिसऱ्यावरनं दुसऱ्यावर, ई. कॉर्ड तीन बदलले आणि बोटं एकेक घर सरकली फक्त. हे त्याला तिथं बसून शांतपणे ऐकू आलं ना की पुढं आयुष्यभर कॉर्डचे आकार पाठ करायची गरज निम्मी होते.

मग जागा बदला. चालवाला बेसवर, बेसवाला मधल्या सुरांवर. सगळ्यांची सगळी कामं फिरून झाली की मग एकेकट्यानं दोन कामं एकत्र: चाल आणि बेस. हे एवढंच जरी नीट वाजलं तरी गाणं उभं राहतं, खरंच. मधले सूर जिथं चाल थांबलीय तिथंच घालायचे. नवीन माणूस प्रत्येक सुराखाली कॉर्ड घालतो आणि मग त्या सुंदर चालीचं लेफ्ट राइट लेफ्ट राइट होतं.

घरी गेल्यावर ज्यानं त्यानं आपले आठ बार बसवायचे, शनिवारपर्यंत रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचे. आणि त्यावर नुसतं 'भारी', 'लई भारी', अंगठा, हे बंद. प्रत्येकानं दुसऱ्याच्या एका बारवर बोट ठेवून सांगायचं की इथं तू हे काय केलंस, परत वाजवून दाखव. पुण्यात आमच्याकडे एकानं चौथ्या बारमध्ये कॉर्डच काढून टाकला होता, नुसती चाल, आणि आम्हा सगळ्यांपेक्षा ते चांगलं वाजत होतं. हे पाचही जणांनी एकच टॅब पाठ केलं असतं तर कधी सुचलं नसतं.

उजवा हात: स्ट्रम नको. अंगठा बेसला, बाकी तीन बोटं वरच्या तारांना, सगळं एकदम चिमटीत उचलायचं, पियानोसारखं. चाल बहुतेक अनामिकेवर येते आणि तेच बोट आपलं सगळ्यात अशक्त, त्यामुळं तिला जोर द्यायची सवय वेगळी लावावी लागते.

———

जुनी_कॅसेट:

वरचं सगळं छान लिहिलंय, पण मी जरा विरोधात बोलतो, रागावू नका.

आपापलं बसवा आपापलं बसवा हे आजकाल फार चाललंय. अहो पण बसवायला कानात आधी काहीतरी असावं लागतं. ज्यानं आयुष्यात दहा बॅलड नीट ऐकल्या नाहीत तो स्वतःचं अरेंजमेंट काय बसवणार, जे बोटांना सोपं पडंल तेच बसवणार. मी ऑर्केस्ट्रात वाजवत होतो (गणपती, लग्न, गॅदरिंग, सगळं), आणि आम्हाला टॅब बिब काही नव्हतं, कॅसेट मागं घ्यायची, परत लावायची, परत मागं घ्यायची, रीळ ताणून सूर उतरायचा तोवर. शिकलो ते त्याच्यातनंच.

जॅझ गिटारवाल्या वेस माँटगोमेरीचं घ्या. नोटेशन वाचता येत नव्हतं त्याला. त्यानं काय केलं, त्याच्या आधीच्या चार्ली ख्रिश्चन या गिटारवाल्याचे सोलो कानानं जसेच्या तसे उचलले, आणि तेच वाजवून पहिलं काम मिळवलं. स्वतःचं ते अंगठ्यानं वाजवणं, ते ऑक्टेव्ह (एकच सूर दोन सप्तकांत एकदम), ते जगाला नंतर कळलं. गार्नरला पण नोटेशन येत नव्हतं, ज्याचं गाणं तुम्ही घेताय त्यालाच. सगळा कानाचा कारभार आहे. आपल्याकडे पण तेच, कलकत्त्याचे कार्लटन किटो, २०१६ ला गेले, आयुष्यभर बिबॉप (जॅझचाच एक प्रकार) वाजवला आणि शिकवला, तो काय कागदावरनं आला असेल का.

म्हणून माझं म्हणणं, नक्कल कराच, पण टॅबवरनं नाही, कानावरनं. पाच जण आहात ना, एका रेकॉर्डिंगमधले चार बार घ्या आणि पाच जणांनी मिळून उतरवा. एकाला बेस ऐकू येतो, दुसऱ्याला वरची चाल, मधले सूर कुणालाच ऐकू येत नाहीत, त्याच्यावर भांडा. भांडण झालं की परत लावा. हे एकट्यानं करताना माणूस दुसऱ्याच दिवशी सोडतो, पाच जणांत सोडत नाही, लाजेनं तरी. फक्त जो पासचं जे पळतं पळतं आहे त्याच्या नादी लागू नका, बोटं मोडतील, त्याच्याच संथ जागा निवडा.

आणि एक, हे कॉर्ड आपल्याला परके नाहीत बरं का. पन्नासच्या दशकातल्या हिंदी गाण्यांत गोव्याची माणसं वाजवत होती, अरेंजिंग करत होती, सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेट होता, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं काढा. आपल्या आयांनी रेडिओवर ऐकलेलं आहे हे सगळं, फक्त त्याला जॅझ म्हणतात हे माहीत नव्हतं.

———

सातवा_फ्रेट:

काका, विरोध कुठाय, मी टॅबच्या विरोधात, तुम्ही पण टॅबच्याच विरोधात 😀 फक्त माझं म्हणणं की आधी स्वतः आठ बारांशी झगडा, मग रेकॉर्ड ऐका. स्वतः अडकलेलं असलं की जो पासनं तिथं काय केलंय ते कानाला दिसतं. आधीच ऐकून नक्कल केली तर सगळंच सारखं भारी वाटतं, कुठला सूर अक्कलहुशारीचा हे कळतच नाही.

———

जुनी_कॅसेट:

पटत नाही, पण असू दे. तुमची पोरं तुमच्या पद्धतीनं शिकू देत, माझी कॅसेट माझ्याकडे.

———

कळंबाकर:

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री तीन गिटारींचा प्रकार आम्ही तिघांनी करून बघितला, तो जो दोन सुरांचा मधला माणूस आहे ते काम मला आलं होतं, पहिली काही मिनिटं वाटलं हे काय वाजवतोय मी, ना चाल ना कॉर्ड, आणि मग बाकीच्या दोघांचं जुळलं आणि त्या एफ वरनं ई वर बोट गेलं तेव्हा तिघंही एकमेकांकडं बघायला लागलो. खालनं दुकानवाल्याच्या बायकोनं विचारलं कुठली सीडी लावलीय.

दोन अडचणी. एक, तिघांची कामं झाली, उरलेल्या दोघांनी काय करायचं? दोन, पोरगा म्हणतोय की संथ गाणं आहे म्हणून तालाबिलाचं काही नाही, रेकॉर्डवर पण सगळे मन मानेल तसं सुटं वाजवतात, आलापासारखं. मला ते पटत नाही पण उलटं सांगता येत नाही.

———

सातवा_फ्रेट:

चौथ्यानं चाल तोंडानं गायची, शब्द येत नसले तर ला ला. गाता येत नाही ही सबब चालणार नाही, जे गाता येत नाही ते बोटातनं पण नीट निघत नाही. पाचव्यानं काहीच वाजवायचं नाही, गिटार खाली ठेवून नुसतं बार मोजायचे आणि कोण कुठं भरकटलं ते सांगायचं. सगळ्यात अवघड काम पाचव्याचं, ते पोराला द्या.

———

विलंबित_लय:

मी गिटारवाली नाही, ख्याल शिकते, भाऊ गिटार वाजवतो म्हणून हा धागा वाचत होते. पोराच्या आलापाच्या मुद्द्यावर मात्र गप्प बसवेना.

आलापीला ताल नसतो, बरोबर. पण तुमच्या या गाण्याला बत्तीस बारांचं आवर्तन आहे ना? मग ते आलापासारखं नाही, विलंबित ख्यालासारखं आहे. विलंबितात पण ऐकणाऱ्याला वाटतं की गाणारा वेळकाळ विसरलाय, सुरावर रेंगाळतोय, मागं राहतोय, आणि तो बरोबर समेवर येऊन उभा राहतो, कारण ठेका आत चालूच असतो. ज्याला ठेका माहीत नाही त्याचं रेंगाळणं आणि ज्याला माहीत आहे त्याचं रेंगाळणं हे बाहेरून पहिल्या मिनिटाला सारखं दिसेल, तिसऱ्या मिनिटाला नाही. भावाला मी हेच सांगते, आधी मोजून वाजव, आठवडाभर अगदी शाळेतल्या परेडसारखं, मग सुटं कर.

दुसरं, एकट्याची कला ग्रुपमध्ये कशी शिकायची हा प्रश्न आपल्या कोल्हापूरला तरी पडू नये. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते, गायन समाज देवल क्लब १८८३ पासून आहे. गाणं एकट्यानंच गायचं असतं, पण शिकताना समोर चौघीजणी बसलेल्या असतात, एकच बंदिश, आणि बाई प्रत्येकीला त्याच जागेवर थांबवतात. माझी चूक मला ऐकू येत नाही, पलीकडच्या मुलीची त्याच जागची लगेच ऐकू येते, आणि मग आपली पाळी आल्यावर तिथं आपसूक सावध होतो. शिवाय एखादीला ती जागा सहज जमून जाते आणि कशी जमली ते तिलाच सांगता येत नाही, मग आम्ही बाकीच्या तिघी तिच्याकडून परत परत म्हणवून घेतो. तुमच्या खोलीत तेच करा.

तुमचं ते गाणं भावाकडून जी मध्ये ऐकलं, म्हणून माझ्या भाषेत सांगते. जी ला षड्ज धरलं तर पहिला ठेहराव शुद्ध निषादावर आहे. सा नाही, नी. यमन गाणाऱ्या माणसाला तो सूर घरचा आहे. पण चौथ्या बारला सी मायनर सेव्हन आणि एफ सेव्हन असे कॉर्ड येतात ना, तिथं खालून कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद सगळे एकदम येतात आणि लगेच निघूनही जातात. आमच्याकडे असं केलं तर बाई तंबोरा खाली ठेवतील! पण तेच चांगलं वाटतं त्यात, मी भावाला तो बार परत वाजवायला लावते. तिथं तुम्ही घाई करू नका एवढंच. वरचा माणूस पुण्यातल्या ग्रुपमधल्या कुणीतरी चौथ्या बारचा कॉर्डच काढून टाकला म्हणतोय, माझ्या मते तो एक बार कुणीही काढू नये.

———

सातवा_फ्रेट:

ताई, कोमल धैवतवाला मुद्दा जबरदस्त, असा विचार केला नव्हता. आणि मोजण्याबद्दल शंभर टक्के सहमत. मेट्रोनोम वापरत असाल तर साठला लावून प्रत्येक मात्रेवर टिकटिक नको, तीसला लावा आणि ती टिक दोन आणि चारवर आहे असं समजून वाजवा. पहिल्यांदा डोकं फिरतं. पण एक आणि तीन आपले आपल्याला धरावे लागतात, त्यातनं ताईंचा तो आतला ठेका तयार होतो. चौथा बार काढणाऱ्याचं नाव मी सांगत नाही, तो हे वाचतो.

———

मिरजेच्या_तारा:

गिटारींबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. जॅझ म्हणजे ती एफ होलची मोठी पोकळ गिटारच पाहिजे असं काही नाही, आहे त्यावर सुरू करा. नायलॉनवाल्याची उलट सगळ्यात सोय आहे, चिमटीत वाजवायला तिच्यासारखी गिटार नाही, फक्त मान रुंद असते, आणि ती बाराव्या फ्रेटलाच खोक्याला मिळत असल्यानं त्याच्या पुढं हात अडतो. इलेक्ट्रिकवाल्यानं टोनचा नॉब निम्म्याच्या खाली आणावा, मानेजवळचा पिकअप लावावा, अँपवर रिव्हर्ब (घुमारा) नावाला, आणि जमलं तर फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा चढवाव्या, बोट सरकताना जी चरचर येते ती जाते आणि बॅलडमध्ये तीच सगळ्यात जास्त कानाला लागते. अकूस्टिकवाल्यांनी बारा नंबर जाडीच्या तारा असतील तर अकरा किंवा दहा नंबरच्या करा, नाहीतर सातव्या फ्रेटवर आडवं बोट आठ बारभर टिकणार नाही, अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. दुखलं की थांबा, मर्दानगी दाखवू नका.

तारा फार उंच असतील तर नट किंवा सॅडल (तारा दोन टोकांना ज्यावर टेकतात त्या पट्ट्या) घासून घ्यावा लागतो. आमच्या मिरजेत सतार तंबोऱ्याचे कारागीर आहेत (२०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं त्याला), हाडाचं, लाकडाचं काम त्यांच्याइतकं बारीक कोण करत नाही, पण जाताना स्पष्ट सांगा की बाबा फक्त उंची कमी कर. नाहीतर सवयीनं जवारी काढून देईल आणि मग तुमचं मिस्टी तंबोऱ्यागत झणझणंल. आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात गिटार भिंतीला टेकवून ठेवू नका, पेटीत घाला, पुसून.

———

कळंबाकर:

जवारीवालं वाचून दुकानवाला हसून हसून खाली बसला, कारण त्याची गिटार ऑलरेडी तशीच वाजते.

बरं, ठरलं असं. आठ बार, जी मध्ये, प्रत्येकाचं वेगळं. जुनी कॅसेटवाल्या काकांचं पण ठेवलंय, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुणीही काही वाजवायचं नाही, नुसतं चार बार कानानं उतरवायचे आणि भांडायचं, त्याची जबाबदारी माझी कारण माझा आवाज मोठा आहे. पोरगा मोजायला तयार झालाय पण म्हणतो मोजायला एक्सेल शीट बनवणार, बनवू दे. काका तुम्ही कोल्हापुरातच असाल तर एखाद्या रविवारी याल का, चहा आणि त्या पुढचं सगळं आमच्याकडे.

शेवटचा प्रश्न: मधले आठ बार, तो ब्रिज, त्याला कधी हात घालायचा? एकानं आत्ताच घरी सुरू केलाय, दम धरवत नाही त्याला.

———

जुनी_कॅसेट:

येतो. कॅसेट घेऊन येतो, प्लेअर तुमच्याकडे नसेलच, तो पण आणतो. तांबडा पांढरा असेल तर दुपारपर्यंत थांबतो.

———

सातवा_फ्रेट:

ब्रिजला घाबरायचं काही नाही, सुरुवात तर तुम्हाला येतेच: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, मग सी मेजर सेव्हन. दुसऱ्या तिसऱ्या बारमध्ये जे दोन सूर सरकवले तेच, फक्त इथं ते पसरलेत, डी मायनरला अख्खा बार, जी सेव्हनला अख्खा बार, सी ला दोन. म्हणजे मोकळी जागा भरपूर आहे आणि त्याच मोकळ्या जागेत सगळे घाबरून काहीतरी कोंबतात. काही कोंबू नका, बेसचा सूर वाजू द्या, मरेपर्यंत वाजू द्या.

त्यानंतर पाचव्या बारला सी वरनं एकच फ्रेट पुढं सी शार्प मायनर सेव्हन येतो, मग एफ शार्प सेव्हन. तिथं बोटं बरोबर असली तरी कान म्हणतो चुकलं आणि माणूस हमखास थांबतो. तुमच्या त्या घाईवाल्याला तिथंच अडकू दे, पण बेसवाल्याला सांगून ठेवा की तू थांबायचं नाहीस, आणि पोराला सांगा मोजत राहा.